मद्यार्कावरची मोटार आणि रबराची कडी

मोटारगाडी ही आतां श्रीमंतीची खूण राहिलेली नाहीं. अष्टागरांतील नारळी-पोफळींच्या वाड्यांत राहणाऱ्या आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांत ती विहिरीवरच्या पंपाइतकीच गरजेची वस्तु होऊन बसली आहे. घरांत पाऊणशे वर्षांच्या आसपासचीं दोन माणसें, शाळेंत जाणारीं तीन मुलें, आणि मोठें रुग्णालय म्हणावें तर पनवेलीस किंवा मांडव्याहून बोटीनें मुंबईस. अशा स्थितींत अंगणांतली मोटार रात्रीं-बेरात्रीं सुरू होते कीं नाहीं, हा प्रश्न चैनीचा नसून जिवाचा असतो. म्हणूनच त्या मोटारीच्या पोटांत कोणतें इंधन जावें, याविषयीं गेल्या वर्षीं आमच्या घरांत जो वाद झाला आणि त्यांतून आम्ही जें शिकलों, तें येथें सांगणें अनाठायीं होणार नाहीं अशी आमची समजूत आहे.

वादाचें मूळ असें. आमचा धाकटा पुतण्या पुण्यास यंत्रविद्येचें शिक्षण घेतो. मे महिन्याच्या सुटींत तो घरीं चौलास आला, तो एक बेत मनांत घेऊनच आला. आमची मोटार २०१८ सालची. इंजिन लहान, परंतु त्याला टर्बोचार्जर जोडलेला. "काका, ही गाडी पेट्रोलवर चालवणं म्हणजे पहिलवानाला पेजेवर ठेवणं आहे," तो आम्हांस म्हणाला. "हिची इंधनाची सगळी व्यवस्था बदलून हिला इथेनॉलवर चालवूं. शक्ति वाढेल, इंजिन थंड राहील, आणि परदेशच्या तेलाला जाणारा पैसा आपल्याच शेतकऱ्याच्या घरांत जाईल." आमचे वडील बंधु, ज्यांना घरांतील सर्व मंडळी अण्णा म्हणतात, ते झोपाळ्यावर बसून सुपारी कातरीत होते. त्यांनीं मान वर न करतां इतकेंच विचारलें, "आणि तुझी मोठी काकू रात्रीं आजारी पडली तर?" त्या प्रश्नाला त्या दिवशीं कोणाजवळही उत्तर नव्हतें. आम्हीं मात्र या विषयाचा नीट छडा लावावयाचा असें मनाशीं ठरविलें.

हा मद्यार्क कालचा नव्हे

इथेनॉल म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून, उसाची मळी, उसाचा रस किंवा धान्यांतील पिष्ट आंबवून, त्याचें ऊर्ध्वपातन करून आणि अखेरचें पाणीही काढून टाकून मिळविलेला शुद्ध मद्यार्क होय. तो मोटारींत जाळण्याची कल्पना कालची नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ पासून, हिंदुस्थानांत पेट्रोलचें रेशनिंग सुरू झालें, तेव्हां कित्येक मोटारी पाठीवर कोळशाच्या गॅसची भट्टी घेऊन धांवत, हें आमच्या आजोबांच्या तोंडून आम्हीं अनेकदां ऐकलें आहे. युद्धाची ती ओढाताण ताजी असतांनाच, १९४८ सालीं, ‘इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट’ हा कायदा झाला. पेट्रोलमध्यें मद्यार्क मिसळण्याची योजना हाच त्याचा विषय. पुढें तेल स्वस्त झालें आणि तो विषय मागें पडला.

इकडे ब्राझील देशानें मात्र, १९७३ सालच्या तेलसंकटाचा चटका बसतांच, १९७५ सालीं राष्ट्रीय मद्यार्क-योजना हातीं घेतली. १९७९ सालीं केवळ इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ ही मोटार तेथील बाजारांत आली, आणि २००३ सालीं पेट्रोल व इथेनॉल कोणत्याही प्रमाणांत चालवून घेणारी फोक्सवॅगन गोल ही गाडी आली. आपल्याकडे नव्यानें प्रयोग सुरू झाला तो २००१ सालीं, आणि महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर मिरज व मनमाड या दोन ठिकाणीं. तेव्हां मिश्रण केवळ पांच टक्के होतें. २००३ सालीं तें नऊ राज्यांत लागू झालें. २०२२ च्या जूनमध्यें दहा टक्क्यांची मजल गांठली गेली. ६ फेब्रुवारी २०२३ रोजीं वीस टक्के इथेनॉलचें पेट्रोल विक्रीस आलें. आणि २०२५ सालीं वीस टक्के हेंच देशभरचें प्रमाण झालें. म्हणजे आमच्या अण्णांना घरांत नको असलेला मद्यार्क, त्यांच्या नकळत, त्यांच्याच मोटारीच्या टाकींत आधींच येऊन बसला होता! वाद राहिला होता तो वीस टक्क्यांवर थांबावें कीं पंचाऐशीं-शंभरापर्यंत जावें, एवढाच.

टर्बोचार्जर आणि इथेनॉल यांचें सख्य

पुतण्याच्या म्हणण्यांत तथ्य किती, हें समजण्यास टर्बोचार्जर म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. चुलींत लांकडें कितीही घातलीं तरी वारा नसेल तर तीं धुमसतात. फुंकणीनें फुंकलें कीं तींच भडकतात. इंजिनाचेंही तसेंच आहे. स्विस यंत्रज्ञ आल्फ्रेड ब्यूखी यानें १९०५ सालीं पेटंट घेतलेल्या कल्पनेंतून ही फुंकणी निघाली. इंजिनांतून बाहेर पडणारा तप्त धूर एक चाक फिरवितो. त्याच आंसाच्या दुसऱ्या टोंकाचें चाक बाहेरची हवा दाबून इंजिनांत कोंबतें. फुकट जाणाऱ्या धुराच्या जोरावर लहान इंजिन मोठ्याचें काम करतें.

परंतु हवा दाबली कीं ती तापते. सायकलींत हवा भरतांना पंपाचें बूड कसें गरम लागतें, हें घरांतील मुलांनाही ठाऊक आहे. अशा दाट व तापलेल्या हवेंत पेट्रोल असलें, कीं ठिणगीची ज्योत पोंचण्यापूर्वींच कोपऱ्यांतील मिश्रण आपोआप भडकतें आणि पिस्टनवर घणाचे घाव बसावेत तसा खटखटाट होतो. गॅरेजवाले यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. हा प्रकार चालू राहिल्यास इंजिनाचें आयुष्य संपलेंच समजावें. या भडक्यास विरोध करण्याची जी शक्ति, ती ऑक्टेन अंकानें मोजतात. आपल्याकडील साध्या पेट्रोलचा अंक पूर्वीं ९१ होता. वीस टक्के मिश्रणाचा ९५ धरतात. शुद्ध इथेनॉलचा सुमारें १०८ भरतो. शिवाय इथेनॉलची वाफ होतांना तें भोंवतालची उष्णता ओढून घेतें. तापांत कपाळावर कोलनवॉटरची घडी ठेवतात, तिचा गारवा याच गुणाचा. किलोस किलो पाहतां पेट्रोलच्या सुमारें अडीचपट उष्णता इथेनॉल असें शोषून घेतें, आणि इंजिनांत शिरणारी तापलेली हवा निवविते.

म्हणून टर्बोचार्जरला इथेनॉल मानवतें, हें खरेंच आहे. स्वीडनच्या साब कंपनीची २००५ सालची बायोपॉवर मोटार याची साक्ष देते. तिचें दोन लिटरचें टर्बो इंजिन पेट्रोलवर १५० अश्वशक्ति देई, आणि पंचाऐशीं टक्के इथेनॉलच्या मिश्रणावर १८० देई. इंजिन तेंच, फक्त इंधनाचा गुण ओळखून हवेचा दाब व ठिणगीची वेळ बदललेली. येथपर्यंतचा हिशेब पुतण्याच्या बाजूनें होता, आणि तो आम्हीं मोकळ्या मनानें मान्य केला.

शंभर थेंबांच्या जागीं दीडशे

दुसरी बाजू मात्र तितकीच खरी आहे. एक किलो पेट्रोल जाळावयास १४.७ किलो हवा लागते; एक किलो इथेनॉलला ९ किलो पुरते. म्हणजेच इंजिनांत हवा तेवढीच आली, तर इथेनॉल कितीतरी अधिक ओतावें लागतें. मापानें पाहिलें तर पेट्रोलच्या शंभर थेंबांच्या जागीं शुद्ध इथेनॉलचे सुमारें दीडशे थेंब. हें कोणा कारखान्याचें वैगुण्य नव्हे. लिटरमागें इथेनॉलमध्यें उष्णताच पेट्रोलच्या दोन-तृतीयांशाइतकी असते. वीस टक्के मिश्रणांत हा फरक अर्थातच लहान होतो. नीति आयोगाच्या २०२१ सालच्या अहवालांत, मिश्रणासाठीं मुळांत न बनविलेल्या चारचाकी गाड्यांचें मायलेज सहा ते सात टक्के घटेल असा अंदाज दिला आहे. लिटरला पंधरा किलोमीटर जाणारी गाडी चौदा जाईल, असें समजावें.

आतां दीडपट इंधन पोंचवावयाचें, तर टाकीपासून इंजिनापर्यंतच्या साऱ्या वाटेची डागडुजी करावी लागते. ती वाट क्रमानें पाहूं.

टाकींत बुडालेला विजेचा पंप ही पहिली पायरी. तो एका ठराविक मापाचें इंधन ठराविक दाबानें पुढें ढकलतो. टर्बो इंजिन जोरांत असतांना त्याचा बहुतेक सारा दम खर्च होत असतो. दीडपट मागणी आली कीं तो अपुरा पडतो, आणि नेमक्या चढावर इंजिनाला इंधन कमी व हवा जास्त मिळून तें आंतल्या आंत करपतें. म्हणून पंप मोठा हवा. त्यांतही पेंच आहे. पेट्रोलमधून वीज वाहत नाहीं म्हटली तरी चालेल. इथेनॉलमधून, विशेषतः त्यांत पाण्याचा अंश असल्यास, ती थोडी वाहते. त्यामुळें इथेनॉलसाठीं न घडविलेल्या पंपाचे आंतील भाग व जोड लवकर झिजतात.

दुसरी पायरी गाळणी. इथेनॉल हें चांगलें विद्रावक आहे. जुन्या टाकीच्या भिंतीवर वर्षानुवर्षें बसलेला चिकटा तें सोडवून आणतें आणि तो गाळणींत अडकतो. म्हणून बदल केल्यानंतरच्या पहिल्या कांहीं टांक्यांत गाळणी एकदां तरी बदलावी, असें जाणते मिस्त्री सांगतात.

तिसरी पायरी नळ्या, कड्या व पडदे. येथेंच खरी मेख आहे. साधें रबर इथेनॉलमध्यें फुगतें, मऊ पडतें किंवा कालांतरानें भेगाळतें. बुचाचे जोड खराब होतात. जस्त, शिसें व ॲल्युमिनियम यांसारख्या धातूंना गंज चढतो. त्यांच्या जागीं फ्लोरीनयुक्त रबर, टेफ्लॉनचें अस्तर असलेल्या नळ्या आणि स्टेनलेस पोलाद वापरावें लागतें. हें सामान महाग असतें, आणि बाहेरून पाहिल्यास साध्या नळीहून फारसें वेगळें दिसत नाहीं, त्यामुळें फसगत होण्यास भरपूर वाव असतो.

चौथी पायरी इंजेक्टर, म्हणजे इंधनाची बारीक पिचकारी. तिचें भोंक मोठें हवें. पण फार मोठें घेतलें तर इंजिन मंद चालतांना थेंब बरोबर मोजतां येत नाहीं आणि गाडी अडखळते. पांचवी पायरी एक मापक. पेट्रोल व इथेनॉल यांचे विद्युत्-गुण अगदीं भिन्न असल्यानें हें उपकरण नळींतून जाणाऱ्या मिश्रणांत इथेनॉल किती टक्के आहे तें ओळखतें. आणि शेवटची पायरी मोटारीचा संगणक, जो त्या टक्केवारीप्रमाणें पिचकारीचा वेळ, ठिणगीची घटका व हवेचा दाब ठरवितो. ही सहा अंगें एकमेकांस जुळलीं तरच काम साधतें. पांच बदललीं आणि सहावें राहिलें, तर न बदललेलें बरें होतें असें म्हणण्याची पाळी येते.

कार्लेखिंडींतली रात्र

आमचा हा अभ्यास चालूच होता, इतक्यांत जुलै उजाडला. त्या महिन्यांत पावसानें असा ठिय्या दिला, कीं तीन आठवडे मोटार अंगणांतील बकुळीखालीं उभीच राहिली. पुतण्या तेव्हां चार दिवसांच्या रजेवर घरीं आला होता. एका रात्रीं अकराच्या सुमारास आमच्या वहिनींना श्वास लागूं लागला. अलिबागेस डॉक्टरांनीं तपासून, प्राणवायु लावून, पनवेलीस हलविण्यास सांगितलें. रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली. ती येण्यास दीड तास होता. आम्ही वहिनींना आमच्याच मोटारींत घेऊन निघालों. पुतण्या गाडी हांकीत होता. कार्लेखिंडीच्या चढावर इंजिनानें दोन आचके दिले, खटखटाट केला, आणि गाडी बंद पडली. पुन्हां सुरू होईना.

बाहेर मुसळधार पाऊस, आंत वहिनींची घरघर. त्या अंधारांत अण्णांनीं पुतण्याकडे वळून जे शब्द उच्चारले, ते आम्हांस अजून विसरतां येत नाहींत. "काय ओतलंस गाडींत?" मुलगा कांहींच बोलला नाहीं. दहा मिनिटांनीं मासळीचा बर्फ पोंचवून परतणारा एक टेम्पो आला. त्या भल्या माणसानें आपल्या शेजारच्या बांकावर घोंगडी पसरून वहिनींना घेतलें आणि पनवेलीपर्यंत नेलें. जन्मभर सोवळें पाळलेल्या वहिनी मासळीच्या टोपल्यांच्या वासांत तो प्रवास करून गेल्या, आणि देवाच्या दयेनें वांचल्या. त्या टेम्पोवाल्यास आतां आमच्या घरीं दर दिवाळीस फराळाचें ताट जातें. परंतु पोंचावयास तासभर उशीर झाला होता, आणि डॉक्टरांनीं तो तास आम्हांस बोलून दाखविला.

त्यानंतर आठ दिवस अण्णा पुतण्याशीं एक अक्षर बोलले नाहींत. मुलगा पुण्यास परत गेला तो जेवणावरून उठून. आपण गाडीला हातही लावला नाहीं, असें त्यानें आम्हांस सांगितलें होतें. आमचा त्यावर विश्वास होता. परंतु पुराव्यावांचून विश्वास घरांत फार काळ उभा राहत नाहीं.

बाटलींतील दोन थर

गाडी ओढून अलिबागेस आमच्या नेहमींच्या मिस्त्रीकडे नेली. त्यानें टाकीच्या तळांतून थोडें इंधन कांचेच्या बाटलींत काढलें आणि ती उजेडांत धरली. बाटलींत दोन थर स्पष्ट दिसत होते. वर स्वच्छ पिवळसर, खालीं गढूळ. त्या खालच्या थरांतच सारें रहस्य होतें.

इथेनॉल व पाणी यांचें सख्य पेट्रोल व इथेनॉल यांच्या सख्याहून गाढ आहे. मिश्रणांत थोडेंसें पाणी शिरलें तर इथेनॉल तें पोटांत घेतें आणि कोणाला कांहीं कळतही नाहीं. परंतु मर्यादा ओलांडली, कीं पाणी आपल्याबरोबर इथेनॉललाही ओढून तळाशीं नेतें. पाणी पेलाभर असलें तरी तळाचा थर त्याहून पुष्कळच मोठा होतो. आणि वर राहिलेल्या पेट्रोलमधून इथेनॉल निघून गेल्यामुळें त्याचा ऑक्टेन अंक उतरतो. टर्बोच्या इंजिनाला ही दुहेरी मार. सपाट रस्त्यावर कसेंबसें चाललेलें इंजिन चढावर, टाकींतलें द्रव हिंदकळून तळाचा थर पंपाच्या तोंडाशीं येतांच, आधीं खटखटलें आणि मग विझलें.

पाणी आलें कोठून? आमचा पहिला संशय समुद्राकडच्या दमट हवेवर गेला. मिस्त्रीनें मान हालविली. बंद टाकींत नुसत्या हवेंतून इतकें पाणी तीन आठवड्यांत येत नाहीं, असें तो म्हणाला, आणि त्यानें इंधन भरण्याची झांकणी उघडली. आंतील झांकणाभोंवतालच्या खळग्यांत पडणारें पाणी वाहून जाण्यासाठीं एक बारीक भोंक असतें. तें बकुळीच्या फुलांनीं व मातीनें गच्च बुजलें होतें. पावसाचें पाणी तेथें दिवसचे दिवस साचून राहिलें होतें, आणि झांकणाच्या रबराच्या कडीला आडवी भेग गेली होती. "काका, पेट्रोल वाईट नाय, गाडी वाईट नाय," मिस्त्री ती कडी आमच्या तळहातावर ठेवीत म्हणाला, "दार उघडं राहिलं, एवढंच."

ती कडी खाऱ्या हवेनें गेली, वयानें गेली कीं मद्यार्कानें गेली, हें सांगतां येत नाहीं असेंही तो प्रामाणिकपणें बोलला. २०२५ सालच्या ऑगस्टमध्यें पेट्रोलियम मंत्रालयानें स्वतःच म्हटलें आहे, कीं कांहीं जुन्या गाड्यांतील रबरी भाग वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील. आमची गाडी त्याच वयाची. आम्हीं मात्र सात वर्षांत त्या कडीकडे एकदांही पाहिलें नव्हतें, आणि गाडी बकुळीखालींच उभी करावी हा आग्रह अण्णांचा होता.

आम्हीं ती कडी खिशांत घालून घरीं आणली व कांहीं न बोलतां झोपाळ्यावर अण्णांच्या पुढें ठेवली. मिस्त्रीचें म्हणणें सांगितलें. अण्णा बराच वेळ ती कडी बोटांत फिरवीत राहिले. मग त्यांनीं पुण्यास फोन लावला. काय बोलणें झालें तें आम्हीं ऐकलें नाहीं, एवढेंच ऐकलें कीं शेवटीं ते म्हणाले, "ये. गणपतीला ये. गाडीचं तूंच बघ."

आम्हीं काय ठरविलें

गणपतीच्या दिवसांत घरचा विचार झाला, आणि त्या विचारांत पुतण्याच सर्वांत सावध निघाला. पूर्ण इथेनॉलचा बेत त्यानें आपण होऊन बाजूला ठेवला. कारणें तीन. पहिलें, तें इंधन मिळणार कोठें? १५ मार्च २०२४ रोजीं शंभर टक्के इथेनॉल विक्रीस आलें तें देशांतील निवडक १८३ पंपांवर. आमच्या नेहमींच्या वाटेवर तसा एकही पंप नाहीं. ज्या गाडीचें इंधन वाटेंत मिळत नाहीं ती गाडी आजाऱ्यास कामाची नव्हे. दुसरें, कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें गाडीच्या मूळ रचनेंत, विशेषतः इंधनाच्या बाबतींत, मनास येईल तसा बदल करतां येत नाहीं. नोंदणी-अधिकाऱ्याची संमति लागते. संमतीवांचून बदल केला आणि अपघात झाला, तर विम्याचा आधारही हातचा जाण्याचा संभव. तिसरें, अशा गाड्या कारखान्यांतूनच तयार होऊन येण्याचे दिवस फार दूर नसावेत. इथेनॉलवर चालूं शकणाऱ्या टोयोटा इनोव्हाचा नमुना २९ ऑगस्ट २०२३ रोजीं दिल्लीस लोकांपुढें ठेवण्यांत आलेला आहे. सहाही अंगें कारखान्यानेंच जुळवून दिलीं, तर मिस्त्रीच्या हातून पांच होऊन एक राहण्याची भीति उरत नाहीं.

मात्र वीस टक्के मिश्रण तर टाळतां येण्यासारखें नाहीं. तेव्हां तेवढ्यापुरती गाडी सज्ज करणें हें शहाणपणाचें ठरलें. टाकी धुतली, गाळणी बदलली, झांकण नवें बसविलें, रबरी नळ्या व कड्या कंपनीच्या यादींत वीस टक्क्यांस योग्य म्हणून दिलेल्याच घेतल्या. हवेचा दाब व संगणक यांना हात लावला नाहीं. शक्ति तसूभरही वाढली नाहीं. परंतु गाडी विश्वासाची झाली.

वाचकांच्या घरीं जुनी गाडी असल्यास, विशेषतः किनाऱ्याच्या गांवीं, पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्यात अशी आमची विनंति आहे. पावसाळ्यापूर्वीं झांकणाची कडी व पाणी वाहून जाण्याचें भोंक पाहून घ्यावें. गाडी पुष्कळ दिवस उभी राहणार असेल तर टाकी रिकामी न ठेवतां बरीचशी भरून ठेवावी, म्हणजे आंत दमट हवेस जागा कमी राहते. आणि आठवड्यांतून एकदां तरी अर्धा तास ती फिरवावी. गाडी कोणत्या मिश्रणासाठीं बनलेली आहे तें तिच्या पुस्तकांत किंवा झांकणीच्या आंतल्या बाजूस लिहिलेलें असतें, तें वाचावें. शक्ति वाढेल या आशेनें दवाखान्याचें स्पिरिट किंवा हात धुण्याचें औषध टाकींत कधींही ओतूं नये. त्यांत पाणी असतें. इंधनाचें इथेनॉल घरांत साठवूं नये. त्याची ज्योत दिवसाच्या उजेडांत जवळजवळ दिसत नाहीं, आणि त्यांत विषारी द्रव्य मिसळलेलें असल्यानें तें पोटांत गेल्यास प्राणावर बेततें. मुलांच्या घरांत हें विसरतां कामा नये.

पुतण्याच्या मूळ बेतांतील एक गोष्ट मात्र राहून गेली, ती शेतकऱ्याची. आमच्या रायगडांत, ज्याला १९८१ पूर्वीं कुलाबा जिल्हा म्हणत, भात, नारळ, सुपारी व अलिबागचा पांढरा कांदा होतो, ऊस नाहीं. आमच्या टाकींतलें इथेनॉल बहुधा घाटमाथ्यावरच्या उसाचें. नीति आयोगाच्याच अहवालांत साखरेपासून एक लिटर इथेनॉल मिळविण्यास सुमारें २,८६० लिटर पाणी खर्च होतें असें म्हटलें आहे. २०२३ सालीं पाऊस कमी झाला, तेव्हां डिसेंबरांत सरकारलाच उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घालावे लागले. पुढें ते सैल झाले. तेल वांचतें हें खरें, परंतु तें पाण्याच्या मोलानें वांचतें. मका, तांदळाची कणी व शेतांतील काडीकचरा यांच्याकडे आतां लक्ष वळूं लागलें आहे, तें म्हणूनच.

असो. नवें इंधन येईल, आणखी नवें येईल, आणि आमचीं नातवंडें कदाचित् पेट्रोलचा वासही ओळखणार नाहींत. परंतु त्या रात्रीं आमची गाडी अडली ती इंधनाच्या जातीनें नव्हे, तर तळहातावर मावणाऱ्या एका रबराच्या कडीनें. आणि घर अडलें तें न विचारतां ठेवलेल्या दोषानें. दिवाळीच्या पाडव्यास वहिनींनीं मोटारीला हळदकुंकू वाहिलें, तेव्हां अण्णांनीं किल्ली पुतण्याच्या हातांत दिली. मग ते स्वतः वांकून झांकणी उघडूं लागले आणि खळग्यांतलें एक बकुळीचें फूल काढून त्यांनीं वहिनींच्या हातावर ठेवलें. गाडी आतां बकुळीखालीं उभी राहत नाहीं. ती पडवीच्या बाजूला, पत्र्याखालीं उभी असते.